दत्तू, तुझा बल्बच खरा निघाला

मांडवा, 23 नोव्हेंबर

प्रिय दत्तू,

तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. कामात होतो हे खरं, पण कारण ते नव्हे. तू माझ्याकडे कामाला धाडलेल्या नित्याला मी घालवून दिला हे तुझ्या कानावर आलं असणार आणि तुझ्याशी काय बोलावं तेच कळेना. आता कळलंय, म्हणून लिहायला बसलो. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

झालं असं. पावसाळ्यात वर काढून ठेवलेली शिडाची बोट ऑक्टोबरात पाण्यात उतरवली आणि पहिल्याच रविवारी मालकांचे पाहुणे न्हाणीत घोटाभर पाण्यात उभे! तू मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर वाढलेला, बोटीवरची आंघोळ म्हटली की तुला बादलीच आठवणार. इथे न्हाणीची जमीन समुद्राच्या पातळीखाली, पाणी आपसूक बाहेर जाणार कसं? ते खालच्या डब्यात उतरतं, डब्यातला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, उचलला की स्विच लागतो आणि 12 व्होल्टचा छोटा पंप पाणी बाहेर फेकतो. डबा उघडला तर साबणाचा बुळबुळीत थर आणि केस इतके, की तुझ्या टकलावर दोनदा लावून उरले असते. सगळं साफ केलं. फ्लोट हाताने उचलला. पंप नुसता गुणगुणला, फिरेना.

पंप गेला म्हणून नवा आणला. तोही गुणगुणला. पंपाच्या वायरी सुट्या करून मीटर लावला, तर 12.5 व्होल्ट. फ्यूज शाबूत. पंप वर आणून थेट बॅटरीला जोडला तर भिंगरीसारखा फिरला, खाली बसवला की पुन्हा तेच. दोन दिवस गेले त्यात. फ्लोट स्विच मे महिन्यात नित्याने बदलला होता, माझा संशय तिथेच जाऊन बसला. मालकांच्या देखत त्याला नको ते बोललो. 'हात नीट चालत नसतील तर घरी जा,' म्हणालो. पोरगं एका शब्दाने उलट बोललं नाही. हातातली पक्कड फडक्याने पुसली, माझ्या पेटीत ठेवली आणि निघून गेलं.

त्या रात्री तुझा बल्ब आठवला. इंडिकेटरचा, 21 वॅटचा, दोन वायरी लोंबणारा. काकांच्या ट्रॉलरवरचं आपलं भांडण विसरला नसशीलच. मी पहिल्या पगाराचा डिजिटल मीटर मिरवत होतो आणि तू म्हणत होतास, "आधी करंट ओढून बघ, मग व्होल्ट सांग." मी तुला अडाणी म्हणालो. पंधरा दिवस अबोला धरलास, पण बिरडं असलं की आमच्याकडे पाटावर हजर, म्हणे काकूंना भेटायला आलोय!

सकाळी तसाच बल्ब करून पंपाच्या जागी लावला. काजव्याएवढा लाल झाला, बस्स. मग पंप जोडलेला ठेवूनच मीटर लावला. 4 व्होल्ट! उरलेले आठ गेले कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या निगेटिव्हला धरलं, तर आठच्या आठ तिथे.

निगेटिव्ह चाचपत गेलो. फळीखाली, बिल्जच्या म्हणजे बोटीच्या तळाच्या ओलीत एक जोड. टेप सोलली तर आत हिरवी भुकटी, तांबं काळंठिक्कर, एखाददुसरी तार कशीबशी धरून राहिलेली. मीटरला तेवढी पुरते, तो करंट ओढतोच कुठे? पंपाला तीन अँपिअर लागतात.

आणि दत्तू, त्या टेपवर तंगुसाचे, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचे, तीन वेढे होते. वर मास्तरांनी शिकवलेली गाठ. या बोटीवर तसा जोड माझ्याशिवाय कोण बांधणार? तीन वर्षांपूर्वी घाईघाईत, तात्पुरता म्हणून मीच बांधला होता. नित्या तेव्हा शाळेत होता रे.

वायर कापत मागे गेलो, तर हातभर आत तांबं काळंच. खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून चढत जातं. शेवटी अख्खी वायर काढली, कल्हईच्या तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची नवी ओढली, जोड क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट करून, वर गोंदाची हीट-श्रिंक स्लीव्ह, गरम केली की आवळणारी नळी, चढवली आणि तो ओलीपासून चांगला हातभर वर नेला. आता पंप चालताना त्या वायरीत 0.2 व्होल्टही पडत नाहीत. डबा बघता बघता कोरडा होतो.

मालकांना सगळं सांगितलं. ते 'असू दे' म्हणाले. पण त्यांच्या देखत पोराचा पाणउतारा झाला, तो 'असू दे' म्हणून कसा पुसला जाईल? तू विश्वासाने माझ्याकडे धाडलेला पोरगा. डोळा लागला की ते पक्कड पुसणारे हात दिसतात. त्याचा फोन बंद येतोय. माझ्या वतीने तू काही बोलू नकोस, माफी मी समोर उभं राहून मागणार आहे. तो घरी आहे की दुसरीकडे कामाला लागला, एवढंच कळव.

तुझ्या बदलीचं समजलं. चिपळूण लांब पडेल, पण क्वार्टर मिळालं ते बरं झालं. चिंगीच्या दहावीचा धसका तूच जास्त घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या

ता. क. पक्कड त्याची स्वतःची आहे, लाल मुठीची, तू दिलेली. रविवारी ती घेऊनच गावी येतोय.