सांगलीच्या गावभागातून, केबलवाल्या दादाला

प्रिय दादा,

नाव लिहायचं नाही असं तूच बजावलंस. "काकू, नाव कुठं टाकू नका. ड्युटीच्या टायमात दुसऱ्याच्या घरात काय करत होतास म्हणून साहेब धरतील." म्हणून नुसतं दादा. तू शेजारच्यांची नेटची तक्रार बघायला आला होतास आणि मी गॅलरीतून तुला हाक मारली, एवढीच आपली ओळख. तुझी पक्कड आमच्या कोनाड्यात राहिली आहे. ती न्यायला येशील तेव्हा हे सगळं मला तोंडावर बोलता यायचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या घरी, बोलून सांगितलं की गाणं लावणारे तीन स्पीकर का, हे तू विचारलं नाहीस. बाकी सगळ्यांनी विचारलं. एक सोप्यात, एक स्वयंपाकघरात, एक माडीवर. "आजींना एवढी हौस?" असंही एकानं हसत म्हटलं. हौस नाही रे. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्याबरोबर सासूबाईंचा रेडिओही गेला. पुढच्या वर्षी काचबिंदूनं त्यांची उरलीसुरली नजर गेली. सांगली आकाशवाणी लावून त्या घरभर वावरायच्या. त्या सांगतात, पूर्वी संध्याकाळी पेठेतून चालत गेलं तरी बातमी तुटायची नाही. एका घरातलं वाक्य दुसऱ्या घरातल्या रेडिओवर पुरं व्हायचं. आवाज पुढे, आपण मागे. त्यांना घरात तेवढंच हवं होतं. सोप्यातून स्वयंपाकघरात जाईपर्यंत गाणं सोबत चालावं, म्हणजे पाय कुठे पडतोय ते कळतं.

आणि हेच काही केल्या होईना. सोप्यात मागितलेलं गाणं माडीवर वाजायचं, जिथे चिटपाखरूही नाही. स्वयंपाकघरात लावलं की सोप्यातलं बंद पडायचं, कारण आमच्या वर्गणीत एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं म्हणे. त्यात ती स्पीकरमधली बाई हिंदी आणि इंग्रजी जाणणारी. सासूबाईंना हिंदी येतं, पण ते मिरजेचं. "वो खाँसाबका गाना लगाव" म्हटलं की बाई माफी मागून गप्प.

दुकानदार म्हणाला, माल चांगला आहे, तुम्हाला वापरता येत नाही. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकवून (ते मात्र कुठेही न तुटता वाजलं) एका मुलीनं सांगितलं, रीसेट करा. केलं. पुन्हा केलं. मग एक माहीतगार घरी आला, पाचशे रुपये घेतले, आणि सासूबाई समोर खुर्चीत बसलेल्या असताना मला विचारलं, "ह्यांना स्पष्ट बोलता येत नाही का?" चहा आला तेव्हाही मलाच विचारलं, "आजी साखर घेतात?" सासूबाई म्हणाल्या, "घेतात, दोन चमचे." त्याला त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. दुसऱ्याचं कशाला सांगू, माझ्या मुलानंही बेंगळुरूहून हेच सुनावलं, "आई, आजीला सांग ना जरा नीट बोलायला." एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं आता वाचा सुधारायची! तीन महिन्यांत त्यांनी गाणं मागणंच सोडून दिलं होतं.

तू आलास तो चपला काढून आत आलास. यंत्राकडे न जाता त्यांच्या खुर्चीपाशी खाली मांडी घातलीस आणि म्हणालास, "आज्जी, तुमी कसं बोलता ते म्हणून दावा." त्यांनी लाजत म्हणून दाखवलं. बाईनं माफी मागितली. तू म्हणालास, "तुमचं ब्येस हाय. हिलाच कळंना झालंय." तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी दोष यंत्राच्या पदरात टाकला.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. तू विचारलंस, "आज्जी, रोज कुठनं कुठं जाता?" त्या म्हणाल्या, देवघरातून सोप्यात, सोप्यातून न्हाणीघराच्या बोळातून स्वयंपाकघरात. तू मला दोन्हीकडे गाणं लावायला सांगितलंस, उभा राहिलास, डोळे मिटलेस आणि भिंतीला हात लावून चालायला लागलास. डोळे किलकिले करूनसुद्धा बघत नव्हतास, मी पाहत होते. माजघराच्या उंबऱ्याला सणसणीत ठेच लागली तुला. आवाज ऐकून सासूबाई खुर्चीतूनच ओरडल्या, "अरे लेका, तिथं उंबरा हाय, पाय उचल! आता डावीकडं... पुढं कोनाडा येईल, डोकं संभाळ!" सहा वर्षांत ह्या घरात त्यांना कुणी वाट विचारली नव्हती. आम्ही त्यांना हाताला धरून नेतो, ताटातलं सांगतो, औषध हातात देतो. त्या दिवशी त्यांनी एका धडधाकट पोराला वाट दाखवली, आणि तू "व्हय आज्जी, व्हय आज्जी" करत त्यांच्या शब्दावर चाललास. मला पदर डोळ्यांना लावावा लागला, तो फोडणीचा धूर नव्हता.

बोळात तू थांबलास. डोळे मिटलेलेच. म्हणालास, "काकू, गाणं एक न्हाई, दोन हायत. सैपाकघरातलं मागनं येतंय."

मला वाटायचं, जुन्या घराचा आवाज घुमतो. खरं होतं ते असं की सोप्यातला स्पीकर नेटवरून गात होता आणि स्वयंपाकघरातला मी वैतागून माझ्या फोनच्या ब्लूटूथला बांधून ठेवला होता. तेच गाणं मी हातानं सुरू करायची, त्यामुळे ते अर्ध्या मात्रेनं मागे. त्या दोन आवाजांमध्ये सासूबाईंना भोवळ यायची, आणि आम्ही त्यांचं बीपी मोजत होतो. माडीवरचा तर मुलाच्या खात्यावर नोंदलेला, त्यानं घेऊन पाठवला म्हणून. आणि आमच्या दीड हात जाडीच्या भिंतींतून वायफाय पोचत नाही म्हणून लावलेला रिपीटर वेगळ्याच नावानं नेट देत होता. तू म्हणालास, "एका छपराखाली तीन बिऱ्हाडं झाल्यात. एका चुलीवर आणाया लागतील." पुढे काय काय केलंस ते मला सांगता यायचं नाही. तिघांना एका नेटवर आणि एका खात्यावर घेतलंस, माझा फोन त्यातून सोडवलास आणि तिघांचा एक गट केलास, एवढं कळलं.

गटाला नाव द्यायची वेळ आली तेव्हाही तू मला विचारलं नाहीस. "आज्जी, समद्या घराला तुमी काय म्हणता?" त्या म्हणाल्या, वाडा. बाईला ते "बड़ा" ऐकू आलं आणि आवाज मोठा झाला, आपण सगळे हसलो. मग तू त्यांचं माहेर विचारलंस. तेव्हापासून आमच्या तीन स्पीकरांचं नाव मिरज आहे. सांगलीच्या घरात मिरज वाजते, शेजारी ऐकतात आणि चेष्टा करतात.

पैसे घेतले नाहीस. भडंगाची पुडी मात्र घेतलीस. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून पुन्हा आलास, कारण रात्री तुझ्या डोक्यात आलं की रिपीटर खिडकीतून काढून जिन्याच्या तोंडाशी लावला तर माडीवर नेट नीट पोचेल. कुणी बोलावलं होतं तुला? हल्ली तक्रार "बंद" झाल्याचा मेसेज आधी येतो आणि माणूस येतच नाही. तुझ्याकडे आमची तक्रारच नव्हती, तरी तू दोनदा आलास. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

आता रोज सकाळी अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी लागते. खाँसाहेब 1937 सालीच गेले, सासूबाईंनी त्यांना समोर बसून ऐकलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी ऐकलं होतं. त्या लहानपणी वडिलांचं बोट धरून मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाचं गाणं ऐकायला जायच्या, आणि घरी खाँसाहेबांची तबकडी होती. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात देवघरातून निघून, उंबरा ओलांडून, स्वयंपाकघरातल्या पाटावर त्या बरोबर पोचतात.

न्हाणीघराच्या बोळात आवाज अजून थोडा पडतो. तिथे चौथा स्पीकर लावू का म्हणून मी परवा विचारलं. नको म्हणाल्या. तेवढी ओळ त्या स्वतःच म्हणतात.

तुझी,
गावभागातली काकू