परक्या मैदानावरच्या विजयाला ‘चमत्कार’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलमध्ये लहान संघाने मोठ्या क्लबला त्याच्याच मैदानात हरवले की दुसऱ्या दिवशी क्रीडापानावर ठरलेले शब्द येतात: ‘सनसनाटी’, ‘धक्का’, ‘चमत्कार’. बातमीखाली आकड्यांची चौकट असते. चेंडूवरचा ताबा सत्तर-तीस, फटके वीस विरुद्ध सहा. त्यावरून वाचकाने समजायचे ते एवढेच की, हरलेला संघ सरस खेळला, पण दैव आडवे आले. जिंकलेल्या संघाचे चाहतेही मग त्याच सुरात बोलतात. गोलरक्षकाने वाचवलेले दोन फटके, पंचांनी न दिलेली पेनल्टी आणि शेवटच्या पाच मिनिटांची धाकधूक, एवढ्यावर त्यांची चर्चा संपते. आपल्या संघाने घाम गाळून कमावलेला विजय आपणच नशिबाच्या खात्यावर टाकतो, याचे वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 6 फेब्रुवारी 2016 रोजी लेस्टर सिटीने मँचेस्टर सिटीला तिच्या मैदानावर 3-1 असे हरवले. लेस्टरकडे चेंडूचा ताबा जेमतेम एक तृतीयांश वेळ होता. पण गोल कधी आणि कसे झाले ते पाहा. तिसऱ्या मिनिटाला लेस्टरच्या महरेझच्या फ्री किकवर त्याच्याच संघातल्या हूथचा गोल. मध्यंतरानंतर तिसऱ्याच मिनिटाला कांटेने पुढे आणलेल्या चेंडूवर दोन बचावपटूंना चकवून महरेझचा गोल. साठाव्या मिनिटाला फुक्सच्या कॉर्नरवर पुन्हा हूथचा हेडर. मँचेस्टर सिटीच्या अग्वेरोने 87व्या मिनिटाला एक गोल फेडला, तोवर निकाल लागला होता. तीनपैकी दोन गोल थांबलेल्या चेंडूवरचे (फ्री किक आणि कॉर्नर), आणि दोन गोल खेळ सुरू होताच, यजमान संघ अजून लयीत यायचा असताना झालेले. हे सगळे सरावातून येते.

आता बचावाकडे वळू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. सगळे खेळाडू गोलपुढे उभे केले, या अर्थाने ‘बस उभी केली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. नुसती गोलपुढे गर्दी केलेला संघ मोठ्या क्लबपुढे टिकत नाही. मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. दहा जणांनी ते सगळे राखणे शक्यच नाही, म्हणून काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. नीट बांधलेल्या संघात सर्वांत मागचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आघाडीवीर यांच्यात पंचवीस ते तीस मीटरच अंतर असते. एका फळीतले शेजारी एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर राहतात. चेंडू उजव्या कडेला गेला की सगळी साखळी उजवीकडे सरकते आणि डावा फुलबॅक (कडेचा बचावपटू) पार गोलच्या खांबासमोर येऊन उभा राहतो. पलीकडची कड तेव्हा मोकळी दिसते आणि प्रेक्षकांना तो ढिसाळपणा वाटतो. ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तिथपर्यंत चाळीस मीटरचा पास हवेतून जायला दोनेक सेकंद तरी लागतात, आणि तेवढ्यात साखळी परत सरकू शकते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हे घरी बसून फारसे दिसत नाही. मैदानात बसणाऱ्याने दहा मिनिटे चेंडूवरची नजर काढून फक्त चेंडूपासून दूरचा फुलबॅक पाहावा. संघाची तयारी किती आहे ते तिथे कळते.

ही साखळी तुटते ती बहुतेक वेळा सेंटरबॅक (मधला बचावपटू) आणि फुलबॅक यांच्या मधल्या फटीत. समोरचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) कडेला चिकटून उभा राहतो, फुलबॅकला बाहेर ओढतो आणि मधल्या मोकळ्या जागेत मध्यफळीतला एखादा खेळाडू धावत शिरतो. त्याच्यामागे कोणी जायचे? सेंटरबॅक गेला तर गोलसमोर भगदाड पडते. म्हणून बचावात्मक मिडफिल्डरने (बचावफळीच्या पुढ्यात खेळणाऱ्याने) तिथे उतरायचे, आणि आपल्या विंगरने मागे येऊन फुलबॅकला दुसरा हात द्यायचा. विंगर दमला की हे थांबते. मग गोलरेषेजवळून मागे दिलेला पास बॉक्सच्या, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्राच्या, मध्यावर येतो, आणि तिथून मारलेला फटका सर्वांत घातक. बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांपैकी गोल होतात तीन-चार, तर शंभर पेनल्टींपैकी पंचाहत्तरहून अधिक. म्हणजे फटका कुठून घ्यायला लावला, हाच बचावाचा खरा हिशेब. ‘वीस फटके’ या आकड्यातले बारा-तेरा बॉक्सबाहेरचे असतील, तर तो आकडा पाहुण्यांच्या बचावाचे कौतुक करत असतो.

पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याचेही असेच. नव्वद मिनिटे प्रेसिंग करायला कोणाच्या फुप्फुसात दम नसतो, म्हणून इशारे ठरलेले असतात. प्रतिस्पर्ध्याने मागे पास दिला, फुलबॅकने कडेकडे तोंड करून चेंडू घेतला, कोणाचा पहिला स्पर्श लांब गेला, की तिघे-चौघे एकदम धावतात. एकटाच धावला तर त्याला चकवायला एक पास पुरतो आणि त्याच्या मागची जागा आयती मिळते. चाहते ‘दाबा, दाबा’ ओरडतात तेव्हा हे लक्षात घेत नाहीत.

प्रतिहल्ला हा पाहुण्यांचा हक्काचा मार्ग. मोठा क्लब घरच्या मैदानात दोन्ही फुलबॅक वर चढवतो, आणि मागे दोन-तीन जणच उरतात. चेंडू हिसकावल्यावर पहिला किंवा दुसरा पास पुढे गेलाच पाहिजे. तिसरा पास आडवा खेळला की समोरची फळी परतलेली असते. धावणारे किमान तिघे हवेत आणि ते पसरून धावायला हवेत. तिघेही मधोमध धावले तर एकच सेंटरबॅक तिघांना अडवतो. 14 सप्टेंबर 2024 रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्ट लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर 1-0 जिंकला, लीगमध्ये 1969 नंतर तिथे पहिल्यांदाच. लिव्हरपूलने तोवर हंगामातल्या तिन्ही लीग सामन्यांत एकही गोल स्वीकारला नव्हता, आणि पुढे तोच संघ विजेता ठरला. 72व्या मिनिटाला फॉरेस्टच्या एलांगाने मैदानाच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला पास टाकला, त्याचा सहकारी हडसन-ओडोय आत वळला आणि त्याने दूरच्या कोपऱ्यात चेंडू वळवला. दोघेही बदली खेळाडू होते. समोरचे फुलबॅक दमलेले असताना दोन्ही कडांना ताजे पाय आणणे, हा त्या गोलचा अर्धा भाग होता.

बदलांचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर. बहुतेक मोठ्या स्पर्धांत आता पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा. मध्यंतर त्यात धरत नाहीत. पाहुण्या संघात सर्वाधिक धावतात ते विंगर, कारण त्यांना दोन्ही टोके गाठायची असतात. त्यामुळे साठ ते पासष्ट मिनिटांच्या सुमारास पहिले बदल तिथे व्हायला हवेत. नेमकी चूक होते ती इथे: आघाडी घेतलेला प्रशिक्षक वेगवान आघाडीवीर काढून आणखी एक सेंटरबॅक आणतो. मग पुढे चेंडू धरायला कोणीच उरत नाही. बाहेर मारलेला प्रत्येक चेंडू दहा सेकंदांत परत येतो, आणि समोरच्या सेंटरबॅकना धाक न उरल्याने तेही वर चढतात. एक तरी वेगवान गडी मध्यरेषेवर ठेवला, तर त्याच्यासाठी दोघांना मागे थांबावेच लागते.

गोल केल्यावर मागे मागे सरकणे हा दुसरा रोग. बचावफळीने बॉक्सच्या कडेला, म्हणजे गोलरेषेपासून साधारण 16 मीटरवर टिकायला हवे. ती सहा-सात मीटरवर आली की गोलरक्षकाला बाहेर यायला जागा उरत नाही, आपलेच पाय त्याच्या नजरेआड येतात आणि बॉक्सच्या तोंडाशी पडणारे सगळे सुटे चेंडू यजमानांचे होतात. उपाय साधा आहे, पण त्याला शिस्त लागते. प्रतिस्पर्ध्याचा पास मागे गेला की दर वेळी सगळ्यांनी पाच-सहा मीटर वर सरकायचे. चेंडू बाहेर काढायचा तो उंच आणि कडेकडे. मधोमध काढलेला अर्धवट हेडर म्हणजे समोरच्या मिडफिल्डरला दिलेला पास.

थांबलेल्या चेंडूवर लहान संघ बरोबरीत येतो, कारण तिथे खेळाडूंच्या किमतीपेक्षा जागा, वेळ आणि उडी यांना मोल असते. 12 नोव्हेंबर 2022 रोजी ब्रेंटफर्डने मँचेस्टर सिटीला तिच्या मैदानावर 2-1 हरवले. त्या लीग हंगामात सिटीचा घरच्या मैदानातला तो एकमेव पराभव. पहिला गोल ब्रेंटफर्डचा गोलरक्षक राया याने लांब टाकलेला चेंडू बेन मी याने डोक्याने पुढे सरकवल्यावर टोनीने केला. दुसरा भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला प्रतिहल्ल्यातून, पुन्हा टोनीनेच. लांब चेंडू टाकणे म्हणजे आंधळेपणाने भिरकावणे नव्हे. उंच गडी कोणत्या बाजूला उभा राहील, समोरचा बुटका फुलबॅक कोणता, पडलेला चेंडू गोळा करायला आठ-दहा मीटरच्या आत कोण तिघे असतील, हे आधी ठरलेले असते. स्वतःच्या कॉर्नरवर मात्र लोभ नको. सगळेच पुढे गेले आणि गोलरक्षकाने चेंडू पकडला, तर दहा सेकंदांत आपल्या गोलपुढे हल्ला येतो. दोघे, शक्यतो तिघे मागे हवेतच.

वेळ काढण्याबद्दल चाहत्यांच्या कल्पना जुन्या आहेत. 2025-26 च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतात. परक्या मैदानात, हजारो लोक मोठ्याने सेकंद मोजत असताना, फुकटचा कॉर्नर देणे किती महागात पडेल? वेळ काढायचाच तर समोरच्या कोपऱ्याजवळ चेंडू राखून काढावा. प्रेक्षकांचा परिणाम खरा असतो. 2020 मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा जर्मनीच्या बुंडेसलिगासह अनेक लीगमध्ये यजमानांचा वरचष्मा कमी झाल्याचे दिसले. म्हणून पहिली पंधरा मिनिटे गोल न खाता काढण्याला पाहुणे एवढे महत्त्व देतात. गर्दीची कुजबुज सुरू झाली की यजमान घाईने क्रॉस (कडेकडून गोलसमोर उंच चेंडू) टाकू लागतात, आणि जागेवर उभ्या असलेल्या उंच सेंटरबॅकना तेच हवे असते.

नशीब नसतेच असे मात्र म्हणणे नाही. 28 सप्टेंबर 2021 रोजी मोल्दोवाच्या शेरीफ तिरास्पोलने रिआल माद्रिदला त्यांच्या बर्नाबेऊ मैदानावर 2-1 हरवले, तेव्हा रिआलने तीसच्या आसपास फटके मारले होते आणि शेरीफने जेमतेम चार. शेरीफचे गोल म्हणजे याखशिबोएवचा हेडर आणि वेळ संपता संपता थिलने दुरून डाव्या पायाने मारलेला अफलातून फटका. असे दहा सामने खेळवले तर बहुतेक रिआल जिंकेल, आणि परतीचा सामना रिआलने 3-0 जिंकलाही. तरी तोवर सामना बरोबरीत ठेवला म्हणूनच त्या एका फटक्याला अर्थ आला. दुसऱ्या टोकाला स्पेनच्या जिरोना क्लबचे उदाहरण आहे. 10 डिसेंबर 2023 रोजी त्यांनी बार्सिलोनाला तिच्या यजमानपदाखाली 4-2 हरवले, तेही चेंडू खेळवत, पुढे जात. दोन्ही विजयांना ‘चमत्कार’ हा एकच शब्द लावला, तर त्यांतला फरक वाचकाला कसा कळणार?

आपल्याला एक विनंती आहे. सामन्याखालच्या चौकटीत ताबा आणि फटके यांच्या जोडीला चार गोष्टी छापाव्यात: बॉक्सच्या आतून घेतलेले फटके किती, थांबलेल्या चेंडूवर झालेले गोल किती, समोरच्या अर्ध्या भागात चेंडू किती वेळा हिसकावला, आणि पहिला बदल कितव्या मिनिटाला कोणत्या जागी झाला. मोठ्या लीगबाबत यातले बहुतेक आकडे सामना संपताच मिळतात आणि छापायला चार ओळी पुरतात. चाहत्यांनाही सुचवावेसे वाटते की, आपला संघ बाहेर जिंकला तर सामन्याचे चित्रण पुन्हा लावून मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटे आणि आघाडी घेतल्यानंतरची दहा मिनिटे गोल वगळून पाहावीत. बचावफळी कुठे उभी आहे, बाहेर काढलेला चेंडू कोणाकडे पडतो आणि पुढे कोण थांबला आहे, एवढे टिपले तरी पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानात, चेंडू आपल्याच ताब्यात असताना, हाच संघ का अडखळतो याचेही उत्तर बरेचसे सापडेल.

आपले,
काही फुटबॉलप्रेमी वाचक