विभागवार तक्त्यांतली गफलत

महोदय,

निकाल लागला की विभागवार तक्ता छापून येतो आणि खाली निष्कर्ष तयार असतो: विदर्भ या पक्षाचा, पश्चिम महाराष्ट्र त्या पक्षाचा, कोकण तिसऱ्याचा. आकडे बरोबर असतात. घोळ असतो तो विभाग कुठे तोडले आणि टक्के कशावर काढले, यात.

आधी नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) घ्या. विधानसभेच्या जागा १२. महसुली विभाग नाशिक, पण साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक यांभोवती फिरणारे राजकारण पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाचे. म्हणून पश्चिम महाराष्ट्र कुणाच्या तक्त्यात ५८ जागांचा तर कुणाच्या तक्त्यात ७० जागांचा असतो आणि उत्तर महाराष्ट्र ४७ किंवा ३५ चा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या ६६ जागा ६२ झाल्या, तर अखंड (पालघरसह) ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. तेव्हा २००४ चे ‘ठाणे-कोकण’ आजच्याशी जुळत नाही. डोंबिवलीचा लोकल पकडणारा मतदार आणि सावंतवाडीचा बागायतदार एका रकान्यात घालून ‘कोकणचा कौल’ काढणे तसेही धाडसाचेच.

टक्केवारी त्याहून फसवी. विधानसभेला भाजपची मते २०१४ मध्ये सुमारे २७.८ टक्के होती, २०२४ मध्ये २६.८. जागा मात्र १२२ वरून १३२. पक्ष घटला की वाढला? २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्याने भाजपने अडीचशेहून अधिक जागा लढवल्या, २०२४ ला सुमारे दीडशे. उरलेल्या जागांवर त्याचा मतदार मित्रपक्षाच्या चिन्हावर गेला आणि तक्त्यातून गायब झाला. केवळ लढवलेल्या जागांवरचे टक्के काढावेत, तर तेही फुगतात, कारण जागावाटपात पक्ष आपल्या जोरदार जागाच मागून घेतो. पक्षाची विभागवार स्वतंत्र ताकद पाहायची तर अजूनही २०१४ हाच त्यातल्या त्यात बरा पाया.

खरी उकल ‘फॉर्म २०’ मध्ये, म्हणजे मतदान केंद्रनिहाय मतांच्या तक्त्यात असते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. जुळवणी केंद्र क्रमांकाने करू नये. मतदार वाढले की केंद्राची फोड होते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गावाचे व शाळेचे नाव धरावे. टपाली मते शेवटी वेगळ्या ओळीत असतात, ती कोणत्याच गावाच्या खात्यावर घालू नयेत.

लोकसभेचे आकडेही विधानसभा क्षेत्रनिहाय पाहावेत. २०२४ मध्ये धुळ्यात सहापैकी पाच क्षेत्रांत भाजप पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला ३,८३१ मतांनी जागा दिली. ‘उत्तर महाराष्ट्र फिरला’ या वाक्यात यातले काय उरते?

निष्ठेबद्दल तर जपूनच बोलावे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याने पक्षाला तारले. १९७८ मध्ये विदर्भ इंदिरा काँग्रेसमागे होता. तोच विदर्भ २०१४ मध्ये ६२ पैकी ४४ जागा भाजपला देतो. मराठवाड्याने २०२४ च्या लोकसभेत महायुतीला आठांपैकी एक जागा दिली आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेत ४६ पैकी चाळीसच्या आसपास. उलट जिथे निष्ठा खरोखर टिकते ते एखाददुसरे तालुके असतात. गणपतराव देशमुखांना शेकापकडून अकरा वेळा निवडून देणारे सांगोला ‘पश्चिम महाराष्ट्रा’त बुडते, माकपचे डहाणू ‘ठाणे-कोकणा’त.

पुढच्या वेळी तक्त्याखाली तीन ओळींची जागा ठेवावी: नगर कुठे धरला, कोणत्या पक्षाने त्या विभागात किती जागा लढवल्या, तुलना कोणत्या पुनर्रचनेनंतरची. तळटीप बारीक टायपात असली तरी चालेल.

– एक वाचक, अहिल्यानगर