पूर ओसरल्यावर ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आमच्या शुक्रवार पेठेत सगळ्यांचं लक्ष पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या आकड्याकडं, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या बारक्या पोरांनापण पाठ आहे. पण पाणी उतरल्यावर घर धुताना जो धोका असतो त्याबद्दल कोण बोलत नाही, म्हणून हे पत्र.

पूर ओसरला की ब्लिचिंग पावडर वाटतात, ते गरजेचंच आहे, रोगराई थांबते. पण गाळाचे डाग निघत नाहीत म्हणून लोक त्याच्यावरच संडास धुवायचं ॲसिड ओततात. 2021 च्या पुरानंतर आमच्या शेजारच्या काकूंनी हेच केलं. मोरीत पावडर पसरलेली, वरनं ॲसिड, चर्र करून फेस आला आणि पिवळट हिरवा धूर, खिडकी बंद. काकू खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, श्वास पुरा होईना आणि घरातले म्हणतायत वासानं मळमळलं असंल.

अहो तो क्लोरीन वायू! पावडरीत बांधलेला असतो, ॲसिड पडलं की एकदम सुटतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली बेल्जियममध्ये ईप्रला जर्मन सैन्यानं सैनिकांवर सोडला तो हाच. हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, म्हणून खालीच साचतो आणि आपण तिथंच उकिडवं बसून फरशी घासत असतो. फुफ्फुसातल्या ओलाव्यात त्याचं परत ॲसिड होतं आणि आतनं भाजतं. त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, त्यामुळं आता बरं वाटतंय म्हणून घरी न बसता डॉक्टरांना दाखवाच. लिंबू, व्हिनेगर ह्यांनीपण हा वायू सुटतो, तेही नको.

एक काहीतरी वापरा, भरपूर पाण्यानं धुवून काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, धूर दिसला तर सगळं तसंच टाकून आधी बाहेर पडा.

बाटलीवर सूचना असते पण मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात, ती वाचणार कोण? महापालिकेला कळकळीची विनंती, पावडरीच्या पुडीवर ठळक मराठीत "ॲसिडमध्ये मिसळू नका" एवढं छापा आणि पूर उतरल्यावर घंटागाडीच्या भोंग्यावरनं रोज सांगा.

एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर