टेप आडवी धरावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला डोंगरातल्या जागेवरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. धुकं सुरेख आहे. व्हरांड्यातली वेताची खुर्चीसुद्धा सुरेख आहे. आक्षेप फक्त एका वाक्यावर घ्यायचा होता, पण लिहायला बसल्यावर एकाचे चार झाले, त्याला इलाज नाही.

ते वाक्य असं: विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका, टेप घेऊन जागा स्वतः मोजा. विसंबू नये, हे शंभर टक्के मान्य. पण टेप कशी धरायची हे लेखकमहाशयांनी सांगितलेलं नाही, आणि सोबतच्या चित्रातला गृहस्थ ती खुशाल उतारावर गवतातून ओढत नेताना दाखवलाय. सपाट मैदानावर हे चालून जातं. डोंगरात असं मोजणारा माणूस स्वतःच्याच हातानं स्वतःला फसवतो, आणि वर समाधानानं घरी येतो.

नकाशातलं आणि खरेदीखतातलं क्षेत्र आडव्या पातळीवरचं असतं, उतारावरच्या कातडीचं नव्हे. त्याला कारण आहे. घर ओळंब्यात, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन जसं सरळ खाली लोंबतं त्या रेषेत उभं राहतं, उताराला काटकोनात नाही. झाडाचंही तेच, पाण्याच्या टाकीचंही तेच. उतार तिरका असला म्हणून त्यावर जास्त घर मावत नाही. आता 30 अंशांचा उतार घ्या. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत जमिनीलगत टेप टाकली आणि ती 60 मीटर भरली, तर आडवं अंतर 52 मीटरच असतं. रुंदी 40 मीटर धरली तर टेपवाल्याच्या हिशेबानं जागा 2,400 चौरस मीटर होते आणि नकाशाच्या हिशेबानं 2,080 च्या आतबाहेर. तीनशेवीस चौरस मीटर हवेत! विक्रेता टेपच्या मापानं पैसे घेत असेल तर गिऱ्हाइकाचे गेले. आणि नकाशाच्या मापानं घेत असेल तर गिऱ्हाईक मनात म्हणतं, वा, जागा कागदापेक्षा जास्तच भरली, मुकाट्यानं सही करावी. दुसरा प्रकार जास्त घातक. कारण कधी जागा खरोखरच शेजारच्या हद्दीत घुसलेली असते, आणि टेपनं तिला आधीच माफी देऊन टाकलेली असते.

उतार सौम्य असला की चूक ध्यानातही येत नाही. 10 अंशांवर शंभर मीटरचे साडेअठ्ठ्याण्णव भरतात, तेवढं सोडून द्या. 20 अंशांवर चौऱ्याण्णव. 30 ला साडेशहाऐंशी. म्हणजे जिथं काळजी घ्यायला हवी तिथंच ही घट झपाट्यानं वाढते.

बरोबर पद्धत पायऱ्यापायऱ्यांची. वरच्या खुंटीपाशी टेपचं शून्य जमिनीला टेकवायचं. दुसऱ्यानं खाली उतरून टेप आडवी होईपर्यंत आपलं टोक वर उचलायचं, ताण द्यायचा, ओळंबा सोडायचा आणि तो जिथं टेकेल तिथं खुंटी ठोकायची. त्या खुंटीपासून पुढची पायरी. वरून खाली येत मोजायचं, खालून वर नाही. खालून मोजताना ओळंबा धरणाऱ्याला आरंभाची खुंटी आणि टेप दोन्ही एकदम सांभाळावी लागतात आणि दोन्ही हलतात. एक पायरी किती लांब घ्यायची हे उतार ठरवतो. 30 अंशांवर 5 मीटरची पायरी घ्यायला गेलात तर खालच्या माणसाला टोक जवळजवळ 2.9 मीटर उंच धरावं लागेल, म्हणजे शिडी न्या. तीन मीटरची घेतली तर 1.7, डोक्याच्या उंचीला. अडीचची घेतली तर छातीशी येतं, तीच घ्या. वारा असेल त्या दिवशी हा उद्योग करू नये, ओळंबा लोंबकळत राहतो आणि टेपला झोळ पडतो. टेप आडवी आहे की नाही हे नजरेनं ठरवू नका. डोंगरात नजर हमखास फसते, कारण समोरचा सगळा देखावाच तिरका असतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, तिच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला राहतं, फक्त आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघा. एक बुडबुडा राहिला तरी दोन्ही टोकांच्या पातळ्या जुळत नाहीत.

एकच काम उलटं आहे: कुंपण. तारेचं माप मात्र उताराच्या लांबीनंच घ्यावं लागतं. नकाशावरून 52 मीटर आणलीत तर आठ मीटर कमी पडेल. लेखात कुंपणाचा अंदाज दिलाय तो नेमका नकाशावरून. म्हणजे जिथं आडवं मोजायचं तिथं तिरकं आणि जिथं तिरकं मोजायचं तिथं आडवं! सातत्य मात्र वाखाणण्यासारखं.

आता चौकट. '30 अंशांपर्यंतचा उतार बांधकामाला सोयीचा' असं ठळक अक्षरांत छापलंय. हे बहुधा 30 टक्के असावं आणि टक्क्यांचे अंश आपल्या कार्यालयात झाले असावेत. मागेही रस्त्यांवरच्या एका मजकुरात हाच घोळ होता, दुरुस्ती पाठवली होती, ती छापून आली नाही. टक्के म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर किती मीटर चढलो. तीस टक्के म्हणजे जेमतेम 17 अंश. तीस अंश म्हणजे 58 टक्के. आणि शंभर टक्के म्हणजे 45 अंश, नव्वद अंश नव्हेत. कागदावर हा शब्दांचा खेळ वाटेल. जागेवर काय होतं ते बघा. दहा मीटर खोलीचं घर बसवायचं आहे. तीस टक्के उतारावर मागच्या आणि पुढच्या कडेत 3 मीटरचा फरक पडतो. मागे दीड मीटर खणायचं, पुढे दीड मीटर भराव, खर्चिक पण होण्यासारखं. तीस अंशांवर तोच फरक 5.8 मीटर. मागे एका मजल्याएवढी कापलेली दरड, पुढे तेवढाच भराव, आणि ह्याला आपली चौकट 'सोयीचा' म्हणते.

भरावाबद्दल लेखात अक्षर नाही. माती नुसती ढकलून दिली तर ती वर्षानुवर्षं बसत राहते. वीस-तीस सेंटिमीटरचे थर घालून प्रत्येक थर दाबत जावं लागतं. तसं केलं तरी अर्धं घर खणलेल्या कठीण जमिनीवर आणि अर्धं भरावावर बसवलं, तर दोन्हींच्या सांध्यावर भिंतीला तडा जाण्याचा धोका राहतोच. उताराला शहाणं घर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं, नाहीतर कठीण थरापर्यंत नेलेल्या खांबांवर उभं राहतं. मागची संरक्षक भिंत मातीपेक्षा पाण्यानं जास्त पडते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी तुंबलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांचा रेटा येतो, माती वेगळीच. म्हणून भिंतीमागे खडीचा उभा थर, तळाशी छिद्रांची नळी आणि भिंतीत पाणी काढणारी भोकं. भोकं दिसायला वाईट दिसतात म्हणून बुजवणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या पुरवणीत एक चौकट द्यावी.

लेखकाला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट, 'उताराच्या मधोमध निसर्गानं दिलेला आयता सपाट तुकडा', हिच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. असा तुकडा दिसला की आधी त्याच्या पाठीमागे बघावं. मागे चंद्रकोरीसारखी वाकलेली, आजूबाजूपेक्षा अचानक उभी कड असेल, तुकडा आतल्या बाजूला, म्हणजे डोंगराकडे किंचित कललेला असेल आणि त्या कोपऱ्यात कोरड्या दिवसांतही ओल किंवा लव्हाळी असतील, तर ती सपाटी निसर्गानं दिलेली खरीच, पण दरड खाली सरकून दिलेली. जुनी सरकलेली दरड पायथ्याशी खणलं किंवा वरून वजन टाकलं की पुन्हा हलू शकते. आणि घर बांधताना आपण ही दोन्ही कामं करतो. झाडांचे बुंधे मुळाशी कोयत्यासारखे वाकून मग सरळ वर गेले असतील तर वरची माती हळूहळू सरकते आहे असं समजावं. एखादंच झाड वाकलेलं असेल तर त्याला महत्त्व देऊ नये, सगळी एकाच दिशेला वाकली असतील तर द्यावं. कुंपणाचे जुने खांब कुठे कलले आहेत तेही बघावं.

दुसरी शक्यता अशी की सपाटी यंत्रानं केलेली असते, विक्रीआधी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. पुढच्या कडेजवळ दीड-दोन मीटर खड्डा घ्यावा. वर मातीदगडांचा सरमिसळ काला आणि त्याखाली मध्येच मुळं-पालापाचोळ्याचा काळपट पट्टा लागला, तर ती मूळची जमीन आणि वरचा सगळा भराव. खड्ड्यात उतरू नका, अशा मातीच्या बाजू ढासळतात. वरूनच दिसतं.

पाण्यासाठी 'बारमाही झरा' या दोन शब्दांवर लेख संपलाय. झरा मोजता येतो. दहा लिटरची बादली आणि घड्याळ एवढंच लागतं, आणि मोजायचं ते वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत. चार मिनिटांत बादली भरली तर दिवसाला 3,600 लिटर. धार करंगळीएवढीही दिसत नाही, पण रात्रभर साठवायला टाकी असेल तर एका घराला पुरून उरतं. उगम कुणाच्या हद्दीत आहे हे त्याआधी बघावं. शौचालयाचं पाणी मुरवण्याची जागा झऱ्याच्या खालच्या अंगाला आणि निदान 30 मीटर लांब.

रस्त्याचंही तसंच. 'मुख्य रस्त्यापासून अवघ्या दोनशे मीटरवर' या वर्णनात चढ किती ते नाही. दोनशे मीटरात 60 मीटर चढायचं असेल तर तो 30 टक्के चढ झाला. भरलेली सिमेंटची गाडी तिथं जाणार नाही, जाईल तेव्हा येणार नाही. चढ 12 टक्क्यांवर आणायचा तर रस्ता 500 मीटर लांब करावा लागतो, वळणं घ्यावी लागतात, आणि ती वळणं बहुधा दुसऱ्याच्या जमिनीत पडतात. तेव्हा वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घ्यावा, रुंदीसकट. 'इथून सगळे जातातच की' हा हक्क नव्हे.

राहता राहिला गारवा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. शे-दोनशे मीटर चढलं की हवा बदलते, असं लिहिलंय. सरासरीनं हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सियस उतरतात. दोनशे मीटरला सव्वा अंश. तेवढं तर खिडकीचा पडदा ओढूनही मिळतं. पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या उतारावर दुपारचं ऊन त्या सव्वा अंशाचीही भरपाई करून टाकतं, आणि लेखातलं प्रत्येक घर सूर्यास्ताकडे तोंड करूनच बसलंय.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : 'उर्वरित मजकूर पान 7 वर' असं छापलंय. पान 7 वर शब्दकोडं आहे आणि डोंगरातल्या प्लॉटांची अर्धपानी जाहिरात. उर्वरित मजकूर तोच असेल तर तसं कळवावं. शब्दकोड्यातला उभा 14 आणि आडवा 9 यांचं जुळत नाही, तेही एकदा मोजून बघावं.