आक्का, हे कौतुक तुमच्या दारात पोचवतोय

आक्का,
सप्रेम नमस्कार.

गल्लीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी आमच्या गच्चीचे फोटो टाकले. मांडवावरून लोंबणारे दोडके, भेंडीची रांग, कठड्याला मोगरा आणि झेंडू. तेव्हापासून फोन थांबत नाही. खत कुठलं, बी कुठलं, एवढ्या उन्हात भेंडी जगली कशी, वेलाला फळ धरतंच कसं. एका उत्साही गृहस्थांनी तर मला ‘शेतीतज्ज्ञ’ करून टाकलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कारखान्यात लेथपुढं उभं राहून केस पांढरे केलेल्या माणसाला असलं काही ऐकायला बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण हे कौतुक चुकीच्या दारात येऊन थांबलंय. त्याचं खरं दार समोरचं, तुमचं. तुम्ही ग्रुपवर नाही. असता तरी ‘त्यात काय एवढं’ म्हणून गप्प बसला असता. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. ज्यांनी विचारलं त्यांना परस्पर उत्तरही मिळेल.

पहिले आभार तुमच्या पंचांगाचे. मोबाइलवर वसंतातल्या बागेचे व्हिडिओ बघितले की मार्च म्हणजे टोमॅटोचं बी पेरायचा मुहूर्त वाटतो. ते खरंही असतं, पण जिथं तेव्हा बर्फ वितळत असतो तिथलं. आपल्याकडं वसंत म्हणजे उन्हाळ्याची नांदी. होळी पेटली की ऊन चढतं, एप्रिलात कोल्हापुरात पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो, आणि ३५च्या पुढं टोमॅटोचं फूल फळ धरायच्या आधीच गळायला लागतं. हे आकडे मी नंतर वाचले. तुम्ही थंडी सरतानाच आमच्या टोमॅटोकडं बघून निकाल दिला होता, “त्याचं झालं आता. एक-दोन तोडे घे आणि काढ. जागा भेंडीला दे.”

मग बोटांवर वर्षाचा पहिला निम्मा भाग मोजून दाखवलात. त्यात तारीख एकही नाही, सगळे सण. संक्रांतीच्या आगेमागे मोगऱ्याचं पाणी तोडायचं. भेंडी, गवार, चवळी महाशिवरात्रीच्या आत पडली पाहिजे. दोडका, कारलं, काकडी होळीपर्यंत चालेल, त्यानंतर घाई करू नये. पाडव्याच्या गुढीला झेंडू विकत आणायचा नसेल तर तो जानेवारीतच पेरायचा, आणि बी दसऱ्याच्या तोरणातलं, वाळवून डब्यात ठेवलेलं. जोतिबाच्या यात्रेला पहिली भेंडी. अक्षय्य तृतीयेला हळद, आलं आणि पावसाळी वेलांची आळी.

मापं घेतल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, हा धंद्याचा दोष. म्हणून शिवरात्रीचा हिशेब मी कॅलेंडर भिंतीवरून काढून तपासला. माघ वद्य चतुर्दशी ते जोतिबाच्या यात्रेची चैत्र पौर्णिमा, साधारण ४५ दिवस. आणि भेंडीला पेरल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत लागतात ४५ ते ५०. म्हणजे तिकडं जोतिबाच्या डोंगरावर यात्रेतल्या उंच सासनकाठ्या नाचायला लागल्या, गुलाल उधळला की इकडं परडीत भेंडी यायलाच हवी. आलीही. ‘शिवरात्रीच्या आत’ यातल्या ‘आत’चं कारणही मग सापडलं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या, आणि अमावस्येला बी मातीत घालायचं नाही हा तुमचा कायदा. तो मला पटलेला नाही, अजूनही पटत नाही. पण त्या कायद्यामुळं आळस करायला एक दिवसही मिळत नाही, हे कबूल.

आता माती. ग्रुपवर सगळ्यांत जास्त प्रश्न तिच्याबद्दल आहेत, तर सांगून टाकतो. आपली नदीकाठची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र वैरीण. ओली असली की चिखल, वाळली की ढेकूळ, मध्ये काही नाही. तुम्ही पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती निम्मी मिसळायला लावलीत, म्हणजे पाणी खाली उतरतं. उरलेल्यात थोडी काळी, बाकी शेणखत. शेणखतासाठी मला गंगावेशीत धाडलंत. मी आजवर तिथं कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवण्यापलीकडं कशाला गेलो नव्हतो. म्हशी घेऊन येणाऱ्या गवळ्यांशी खताचं बोलायचं, हे सुचलंही नसतं. आणि पोतं गच्चीवर चढवल्यावर तुम्ही मूठभर हातात घेऊन वास घेतलात. “शेणाचा वास आला असता तर परत न्यायला लावलं असतं. कच्च्या शेणात हुमणी असती. मुळं कुरतडून खाती.” ऊसवाल्यांना हुमणीची अळी म्हणजे काय ते सांगायला नको. गच्चीवर चौथ्या मजल्यावर ती पोत्यातून येऊ शकते, हे मात्र आम्हा पेठेतल्या लोकांना कोण सांगणार?

पाचटाचं तर किती सांगू. तुमच्या माहेराहून ऊसतोडीनंतरचं पाचट पोत्यात भरून आलं. शेतात लोक ते पेटवून मोकळे होतात. तुम्ही कोयत्यानं बारीक करून प्रत्येक कुंडीवर चार बोटं जाड थर घालायला लावलात. एप्रिलात इतरांच्या कुंड्या दोन्ही वेळ पाणी मागत होत्या, आमच्या बहुतेक सकाळच्या पाण्यावर निभावल्या. पाणी द्यायचं की नाही हे ठरवायची तुमची रीतही सगळ्यांना सांगतो: बोट दोन पेरं मातीत घालायचं. गार लागलं तर झारी खाली ठेवायची.

मांडव मी केला, तेवढं श्रेय माझं. भंगारातले पाइप, चांगले सरळ करून, वेल्डिंग मारून, वर रंग. तुम्ही जिन्यानं धापा टाकत वर आला, पाइपवरून हात फिरवलात आणि म्हणालात, “देखणा झालाय. खरं वेल धरणार कशाला? आणि दुपारी ह्याला हात लावून बघ.” मग घरातनं सुतळीचा अख्खा गुंडा आणून प्रत्येक पाइपला वेढे घालत बसला होता. गुळगुळीत तापलेल्या लोखंडाला दोडक्याचा ताणा बिलगत नाही, सुतळीला बिलगतो. आज वरून बघितलं तर माझा पाइप दिसतच नाही.

पण आक्का, सगळ्यांत मोठे आभार संध्याकाळच्या त्या धड्याचे. दोडक्याला फुलं येत होती आणि गळत होती, फळ एकही धरत नव्हतं. घरात सगळ्यांनी खताला, उन्हाला, नजरेला दोष देऊन झाला. तुम्ही म्हणालात, “पहिली येत्यात ती सगळी नर. त्यांना दोडका कुठनं लागायचा?” मादी फूल कसं ओळखायचं ते दाखवलंत. नराचा देठ नुसता बारीक, मादीच्या फुलामागं बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच तयार असतो. ती आली तरी गच्चीवर एवढ्या उंच मधमाश्या कमी. आणि दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, दिवस कलल्यावर, जेव्हा बहुतेक मधमाश्या घरी गेलेल्या असतात. म्हणून तुम्ही दिवेलागणीला आला. नर फूल तोडलंत, पाकळ्या मागं दुमडल्यात, मधला पिवळा पराग मादीच्या फुलात हलकेच टेकवला. एका नरानं दोन-तीन माद्यांचं काम होतं. “दुधीचंही असंच संध्याकाळी. कारलं, काकडी, भोपळा मात्र सकाळी, ऊन तापायच्या आत. उशिरा उठलास तर फूल मिटलं.”

तेव्हापासून आमच्याकडं चहाची दुसरी वेळ बदललीय. कारखान्यातून आलो की आधी गच्ची. आमचा धाकटा तर याचा उस्ताद झालाय. शाळेत परागीभवनाची आकृती काढून घेतात, तिला नावं द्यायला लावतात. हा पोरगा बाईंना विचारून आला की आकृतीतलं फूल सकाळचं की संध्याकाळचं. वेलाचा शेंडा खुडायची युक्तीही तुमचीच. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडायचा, मग बगलफुटी निघतात आणि मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच येतात. मला शेंडा खुडताना जिवावर आलं होतं, तुम्ही नखानं टचकन खुडलात.

किडीबद्दल थोडक्यात, कारण तिथं तुम्ही फारसं लाडीगोडीनं वागत नाही. भेंडीच्या एका झाडाची पानं पिवळी, शिरा तर आणखी पिवळ्या झाल्या. केवडा रोग. तुम्ही ते झाड मुळासकट उपटलंत, पांढरी माशी त्यावरून दुसऱ्यावर जाते म्हणून. शेंगा लागलेलं झाड होतं, आमची ही हळहळली, पण बाकीची रांग वाचली. पुढच्या वेळी मी बाजारातून ‘परभणी क्रांती’चं पाकीट आणलं, मराठवाडा कृषी विद्यापीठानं केवड्याला दाद न देणारी म्हणून काढलेली जात. तुम्ही ते आपल्या गावठी बियाण्याच्या शेजारच्या कुंडीत लावायला सांगितलंत, “बघू कोण टिकतंय.” पाकीटवाली जास्त टिकली. आणि चव तुमच्या बियाण्याची चांगली. दोन्ही लिहितोय, उगाच कुणाची बाजू नको.

मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायची. निंबोळ्या तुम्ही पावसाच्या तोंडावर झाडाखालून वेचून, वाळवून ठेवता, दुकानातल्या बाटलीवर तुमचा भरवसा नाही. दोडक्यावर, कारल्यावर फळमाशी येते, ती कोवळ्या फळात अंडी घालते. त्यासाठी फळ बोटाएवढं असतानाच जुन्या वर्तमानपत्राची पिशवी चढवायची. डंख लागलेलं फळ कुंडीत टाकून ठेवायचं नाही, कारण अळी मातीत उतरून पुन्हा माशी होऊन येते. ग्रुपवरच्या ज्या ताई ‘कारलं वाकडं होऊन कुजतं’ म्हणाल्या, त्यांच्यासाठी हे खास.

मोगऱ्याबद्दल मात्र तुमचे आभार माझ्यापेक्षा आमच्या हिनंच मानायला हवेत. तिच्या माहेराहून आलेली कुंडी, त्यामुळं तिला पाणी तोडणं म्हणजे पाप वाटायचं. संक्रांतीच्या सुमारास पानं मलूल होऊ दिली, मग तुम्ही कात्री घेऊन आला आणि निम्म्याहून जास्त झाड खाली पाडलंत. ती आत जाऊन बसली. त्यानंतर खत, भरपूर पाणी, आणि दिवसभराचं ऊन. मोगऱ्यावर हिरवी जाळी टाकायचा माझा बेत तुम्ही हाणून पाडलात, सावलीत त्याची पानं वाढतात, कळ्या नाहीत. कळी येते ती नव्या फुटव्यावर, म्हणून छाटायचं. यंदा चैत्रात रथोत्सवाच्या दिवशी अंबाबाईला घरच्या मोगऱ्याचा गजरा गेला. कळ्या पहाटे, घट्ट मिटलेल्या असताना खुडल्या. गजरा ओवायला तिनं तुम्हालाच बोलावलं होतं, तेव्हा तिचा राग गेला असं समजायला हरकत नाही.

एका गोष्टीचे आभार राहिले. तुम्ही कधी सांगून आला नाहीत. गुडघ्याचं दुखणं असताना, दुपारचं ऊन असताना, “मी जरा बघून जातो” म्हणत जिना चढायचात. चुकलेलं काही दिसलं तर सांगायचात कमी, करून दाखवायचात जास्त. खाली उतरताना ओच्यात चार गवारीच्या शेंगा घ्यायचात, आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी वाटीतून परत यायची. शेंगा तेवढ्याच होत्या का, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

आता कामाचं. हातानं पराग लावलेल्या फुलांचे दोन दोडके बियाण्यासाठी वेलावरच ठेवलेत, देठाला लाल दोरा बांधलाय. खडखडले की काढतो आणि मृगाच्या आत बी तुम्हाला आणून देतो. अक्षय्य तृतीयेला लावलेल्या हळदीपैकी दोन कुंड्यांत अजून कोंब दिसत नाही. उकरून बघू का थांबू, ते सांगा. आणि मांडवाच्या रस्त्याकडच्या बाजूला वळवाच्या वाऱ्यानं वेल फाटतो, तिथं पावसाळ्यात घेवडा चढवावा असं माझ्या मनात आहे. रविवारी सकाळी येतोच, तेव्हा बोलू. नाश्ता करू नका, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि भाकरी घेऊन येतोय.

तुमचा,
समोरच्या गच्चीवरचा