फोटो छान, जेवण गार

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान तीनवर कंपनीतल्या मंडळींच्या ‘अन्नसेवे’चा फोटो पाहिला. छान आला आहे. निळे टी-शर्ट, घडी न मोडलेले एप्रन, सगळ्यांच्या हातात झारे. (मसालेभात आणि वरण झाऱ्याने वाढत नाहीत, पण असो.) फोटोत मी नाही, कारण तेव्हा मी मोरीवर टोप घासत होते.

परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्यांच्या नातेवाइकांना आमच्याकडे दुपारचे जेवण मिळते. तुमच्या बातमीत कर्मचारी किती, कोणत्या विभागाचे, एचआरच्या मॅडम काय म्हणाल्या, सगळे आहे. जेवण साडेअकराला तयार होते आणि वाढायला एक वाजला, एवढेच तेवढे राहून गेले. साहेबांची गाडी सायनला अडकली होती आणि पहिले ताट त्यांच्याच हस्ते द्यायचे होते! रांगेतली माणसे काही हौसेने उभी नसतात हो. कुणाच्या पेशंटची केमो सुरू असते, कुणी आईला बाकावर एकटी बसवून आलेला असतो.

त्यात तो कॅमेरा. परभणीकडचा एक मुलगा रोज डबा घेऊन येतो. वडिलांच्या आजाराचे त्याने गावात कुणाला सांगितलेले नाही, बहिणीचे लग्न ठरायचे आहे. कॅमेरा रांगेवरून फिरू लागला तसा तो रिकामा डबा घेऊन निघून गेला. मी हात पुसून बाहेर येईपर्यंत दिसेनासा झाला. वडापाव खाल्ला म्हणाला, दुसऱ्या दिवशी. रांगेतल्या एकालाही ‘फोटो काढू का’ असे विचारलेले मी तरी ऐकले नाही. तुमच्या छायाचित्रकारानेही विचारले नाही.

बॅनरवर गाडगेबाबांचे चित्र आणि खाली ‘भुकेलेल्यांना अन्न’. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. इथे दोन वाजता सगळे बसमध्ये बसले आणि करपलेला टोप, खरकटे आमच्या वाट्याला. दोघी मुली तेवढ्या मागे थांबल्या, त्यांनी न सांगता ओटा धुतला, परातीही घासल्या. त्या दोघी तुमच्या फोटोत नाहीत, मी नीट शोधले.

मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायचे, असे कंपनी कायद्याचे १३५ वे कलम सांगते. त्यातून आम्हाला १९ किलोचे गॅस सिलिंडर दिलेत तरी पुष्कळ. आणि माणसेच पाठवायची असतील तर मंगळवारी-बुधवारी सकाळी सातला पाठवा, कांदे-बटाटे चिरायला. शनिवारी वाढायला वाढदिवस आणि पुण्यतिथीवाले असतातच, त्यांना आवरता आवरता नाकी नऊ येतात.

जाता जाता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले सार्वजनिक शौचालय पावसाळ्यापासून कुलूपबंद आहे. पदपथावर राहणाऱ्या पेशंटच्या बायकांनी जायचे कुठे? याबद्दलचे माझे पत्र तुम्ही छापले नाही. सोबत फोटो नव्हता म्हणून राहिले असेल, तर कुलपाचा काढून पाठवते.

– एक भांडी घासणारी, लालबाग